सर्व्हर रूम की क्लाउड: कार्बनचा हिशेब एकाच काट्यावर कसा मांडायचा

पुण्यातल्या छोट्या आयटी कंपन्यांची पायाभूत यंत्रणा सांभाळणं हे माझं काम. अलीकडे मोठ्या ग्राहकांकडून एक एक्सेल शीट येते आणि त्यात एक रकाना असतो: ‘तुमच्या आयटी यंत्रणेचं वर्षाचं कार्बन उत्सर्जन’. सेबीने २०२२-२३ पासून बाजारमूल्यानुसार पहिल्या १,००० सूचीबद्ध कंपन्यांना बीआरएसआर, म्हणजे पर्यावरण आणि सामाजिक जबाबदारीचा वार्षिक अहवाल, सक्तीचा केला. त्या कंपन्या आता आपल्या पुरवठादारांनाही हिशेब विचारतात. मग घाईघाईत कुणीतरी लिहून टाकतं, ‘क्लाउडवर गेल्यामुळे उत्सर्जन ९० टक्के घटलं.’

क्लाउडवर जाणं म्हणजे स्वतःचे सर्व्हर बंद करून मोठ्या कंपनीच्या डेटा सेंटरमधली यंत्रं भाड्याने वापरणं. ते वाक्य खरंही असू शकतं. पण मी पाहिलेल्या बहुतेक हिशेबांत एका बाजूला मीटरवर मोजलेला आकडा होता आणि दुसऱ्या बाजूला क्लाउड कंपनीच्या कन्सोलवरून, म्हणजे ग्राहकाच्या ऑनलाइन खात्याच्या पानावरून, उचललेला. भाजी एका काट्यावर तोलायची आणि पैसे दुसऱ्या काट्यावरच्या वजनाचे द्यायचे, असा तो व्यवहार झाला. दोन्ही बाजू एकाच काट्यावर कशा आणायच्या, ते इथे एका उदाहरणातून पायरीपायरीने दाखवते. उदाहरणातली कंपनी काल्पनिक आहे, पण आकडे अशा खोल्यांत नेहमी दिसतात तसेच घेतले आहेत.

पायरी १: कुंपण घाला

कॅल्क्युलेटर उघडण्याआधी कागदावर तीन गोष्टी लिहा: काम कोणतं, कालावधी कोणता आणि हिशेबात काय धरणार. आपलं उदाहरण असं: चार रॅक सर्व्हर, एक स्टोरेज, दोन स्विच. त्यावर कंपनीचं ईआरपी (हिशेब, खरेदी, साठा सांभाळणारं सॉफ्टवेअर), डेटाबेस आणि टेस्टिंगची यंत्रणा चालते. कालावधी एक आर्थिक वर्ष. लॅपटॉप, ऑफिसचे दिवे, कर्मचाऱ्यांचा प्रवास हे सगळं बाहेर, कारण क्लाउडवर गेल्याने त्यात काही बदलत नाही.

जीएचजी प्रोटोकॉल या उत्सर्जन मोजण्याच्या जागतिक नियमावलीत उत्सर्जनाचे तीन स्कोप आहेत. तुमच्या जनरेटरचं डिझेल आणि एसीतून गळालेला गॅस स्कोप १ मध्ये येतो, विकत घेतलेली वीज स्कोप २ मध्ये, आणि बाकीचं, म्हणजे सर्व्हर बनवताना झालेलं उत्सर्जनसुद्धा, स्कोप ३ मध्ये. नवख्या माणसाची पहिली फसगत इथेच होते. सर्व्हर रूम बंद करून क्लाउडवर गेलात की तुमचा स्कोप २ धाडकन खाली येतो. पण ती वीज आता दुसऱ्याच्या इमारतीत जळते आणि तुमच्या स्कोप ३ मध्ये येऊन बसते. फक्त स्कोप १ आणि २ दाखवणाऱ्या अहवालात ही सगळी घट बचत वाटते, प्रत्यक्षात त्यातला काही भाग नुसता रकाना बदललेला असतो. म्हणून तुलना करताना तिन्ही स्कोपची बेरीज घ्या.

पायरी २: आपल्या खोलीची वीज खरोखर मोजा

सर्व्हरच्या मागच्या पॉवर सप्लायवर ७५० वॉट लिहिलेलं असतं. तो आकडा हिशेबात घेऊ नका. ती त्या सप्लायची कमाल क्षमता आहे, सर्व्हर प्रत्यक्षात किती ओढतो त्याच्याशी तिचा फारसा संबंध नाही. खरं वाचन मिळवायला दोन वाटा आहेत. बहुतेक रॅक सर्व्हरमध्ये आयड्रॅक, आयएलओ अशी व्यवस्थापनाची सोय असते. तिथे पॉवरच्या पानावर मागच्या काही दिवसांची सरासरी वॉटमध्ये दिसते. दुसरी वाट म्हणजे वायरमनला बोलावून सर्व्हर रूमच्या डीबीवर (वीज वाटपाच्या पेटीवर) सब-मीटर बसवून घेणं. खर्च मामुली आणि फायदा वर्षानुवर्षांचा.

मी स्वतः आधी क्लॅम्प मीटरने, म्हणजे वायरभोवती चिमटा लावून प्रवाह मोजणाऱ्या मीटरने, सुरुवात करते. डीबीचं झाकण काढायचं काम वायरमनचंच, ते आपण करू नये. यूपीएसकडे जाणाऱ्या एकाच फेज वायरभोवती चिमटा लावायचा. पूर्ण केबलभोवती लावला तर फेज आणि न्यूट्रलचा प्रवाह एकमेकांना रद्द करतो आणि वाचन शून्याजवळ येतं. अनेक जण इथेच गोंधळतात आणि मीटर बिघडलाय असं समजतात. अँपिअर मिळाले की व्होल्टने गुणून अंदाज येतो. पॉवर फॅक्टरमुळे तो थोडा जास्त दाखवतो, पण सब-मीटर बसेपर्यंत काम भागतं.

आपल्या उदाहरणात चार सर्व्हर सरासरी २२० वॉट ओढतात, म्हणजे ८८० वॉट. स्टोरेज आणि स्विच मिळून ३२०. एकूण १.२ किलोवॉट. पाटीवरचे ७५० वॉट धरले असते तर नुसते सर्व्हरच ३ किलोवॉट झाले असते, तिपटीहून जास्त.

वर्षात ८,७६० तास. १.२ गुणिले ८,७६०, म्हणजे १०,५१२ युनिट.

पायरी ३: एसी आणि यूपीएसचा वाटा

सर्व्हरला गेलेल्या प्रत्येक युनिटमागे थंडावा आणि यूपीएसमधल्या नुकसानीसाठी आणखी वीज लागते. एकूण खोलीची वीज भागिले आयटी उपकरणांची वीज, या गुणोत्तराला पीयूई म्हणतात. अपटाइम इन्स्टिट्यूटच्या २०२३ च्या जागतिक पाहणीत डेटा सेंटर्सची सरासरी १.५८ होती. गूगल आपल्या डेटा सेंटर्ससाठी १.१० च्या आसपासचा आकडा जाहीर करतं. ऑफिसच्या कोपऱ्यातल्या खोलीत मात्र दोन स्प्लिट एसी आळीपाळीने चोवीस तास चालतात, दाराखालून थंड हवा निसटते आणि रॅकच्या मागची गरम हवा फिरून पुढे येते. तिथे १.८ ते २ सहज निघतो.

पाहणीतली सरासरी उचलू नका, स्वतःची काढा. एसीचा सर्किट ब्रेकर बहुतेक वेळा वेगळा असतो, त्यामुळे मोजणं सोपं आहे. फक्त जानेवारीत एकदा आणि मेमध्ये एकदा मोजा, कारण एकाच खोलीचे दोन वेगळे आकडे मिळतील. आपल्या उदाहरणात संपूर्ण खोली सरासरी २.२८ किलोवॉट घेते, म्हणजे पीयूई १.९. वर्षाचे १९,९७३ युनिट.

पायरी ४: युनिटचे किलो करा

केंद्रीय विद्युत प्राधिकरण दरवर्षी भारतीय ग्रिडचा उत्सर्जन घटक जाहीर करतं. २०२३-२४ साठी तो दर युनिटमागे ०.७२७ किलो कार्बन डायऑक्साइड आहे. ज्या वर्षाची वीज मोजताय त्याच वर्षाचा घटक घ्या. महाराष्ट्राचा वेगळा आकडा शोधायला जाऊ नका. ३१ डिसेंबर २०१३ ला दक्षिणेकडचा ग्रिड उरलेल्या देशाशी जोडला गेल्यापासून देशभर एकच समकालिक ग्रिड, म्हणजे एका लयीत चालणारं वीजजाळं, आहे आणि प्राधिकरणही एकच घटक देतं. परदेशी संकेतस्थळांवरच्या कॅल्क्युलेटरमध्ये अनेकदा अमेरिकेचा किंवा युरोपचा घटक आधीच भरलेला असतो. तो तसाच राहिला तर तुमचं उत्तर निम्म्याहून कमी येऊ शकतं.

१९,९७३ गुणिले ०.७२७, म्हणजे १४,५२० किलो.

पायरी ५: डिझेल आणि एसीचा गॅस

एक लिटर डिझेल जळलं की साधारण २.६८ किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. वर्षाला १५० लिटर धरले तर ४०२ किलो. इथे एक दक्षता घ्या. तुमचा सब-मीटर चेंजओव्हर स्विचच्या (महावितरण आणि जनरेटर यांत अदलाबदल करणाऱ्या स्विचच्या) पुढे, सर्व्हरच्या बाजूला असेल, तर जनरेटरची युनिटंही त्यात मोजली गेली आहेत आणि तीच वीज दोनदा धरली जाईल. तेवढी युनिटं वजा करा. उदाहरणात मीटर महावितरणच्या बाजूला आहे असं धरलंय.

एसीच्या गॅसबद्दल मात्र मला थांबून बोलायचंय, कारण तो जवळजवळ कुणीच मोजत नाही. मार्चअखेर मेकॅनिक येतो, ‘गॅस कमी झालाय’ म्हणतो, भरून जातो आणि बिलावर ‘गॅस चार्जिंग’ एवढंच लिहितो. जेवढा भरला तेवढा आधीच हवेत गेलेला असतो. आर-४१०ए हा गॅस आयपीसीसी या संयुक्त राष्ट्रांच्या हवामान समितीच्या चौथ्या अहवालानुसार कार्बन डायऑक्साइडच्या २,०८८ पट तापमानवाढ घडवतो. अर्धा किलो भरला म्हणजे १,०४४ किलो उत्सर्जन. वर्षभराच्या डिझेलच्या अडीच पटींहून जास्त, आणि तेही एका गळक्या जोडातून. आर-३२ वर चालणाऱ्या एसीसाठी हाच गुणक ६७५ आहे. मेकॅनिकला सांगा, ‘दादा, सिलिंडर आधी आणि नंतर वजनकाट्यावर ठेवा आणि गॅसचं नाव नि वजन बिलावर लिहा.’ पहिल्यांदा तो तुमच्याकडे बघत राहील, दुसऱ्या वर्षी स्वतःच काटा घेऊन येईल. आणि तो जोड ब्रेझिंग करून नीट बंद करून घ्या. या पूर्ण लेखातला हा सगळ्यात स्वस्त उपाय आहे.

पायरी ६: सर्व्हर बनवताना झालेलं उत्सर्जन

सर्व्हर तुमच्या दारात येईपर्यंत खाणकाम, चिप कारखाने, जहाज आणि ट्रक यांतून बरंच उत्सर्जन होऊन गेलेलं असतं. मोठ्या उत्पादकांची मॉडेलनिहाय पत्रकं मिळतात. साध्या दोन प्रोसेसरच्या रॅक सर्व्हरसाठी साधारण १,००० ते १,५०० किलो धरून चालता येतं. पण एसएसडी (चिपवर डेटा साठवणाऱ्या डिस्क) ठासून भरलेला असेल तर हिशेब बदलतो. डेलने २०१९ मध्ये आर७४० सर्व्हरचा सविस्तर अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात नुसत्या निर्मितीचे चार टनांहून जास्त निघाले आणि त्यातला बहुतांश वाटा एसएसडीचा होता.

आपण प्रत्येकी १,३०० किलो आणि पाच वर्षांचं आयुष्य धरू: ५,२०० भागिले ५, वर्षाला १,०४० किलो.

सर्व्हर रूमची बेरीज: वीज १४,५२०, डिझेल ४०२, गॅस १,०४४, निर्मिती १,०४०. एकूण १७,००६ किलो, म्हणजे १७ टन.

पायरी ७: क्लाउडची बाजू

इथे मीटरला हात लावता येत नाही, म्हणून अंदाजाचं सूत्र वापरावं लागतं. थॉटवर्क्सने सुरू केलेलं ‘क्लाउड कार्बन फूटप्रिंट’ हे मुक्तस्रोत साधन शिकायला उत्तम, कारण त्यातला प्रत्येक गुणक उघड आहे. एडब्ल्यूएस, म्हणजे ॲमेझॉनच्या क्लाउडसाठी त्यात एक व्हीसीपीयू (भाड्याने मिळणारा प्रोसेसरचा एक थ्रेड, म्हणजे एका वेळी चालणारी कामाची एक ओळ) रिकामा असताना ०.७४ वॉट आणि पूर्ण भारावर ३.५ वॉट धरलाय. मधल्या भारासाठी सरळ प्रमाण. मेमरीला दर जीबीमागे ०.३९२ वॉट, एसएसडीला दर टीबीमागे १.२ वॉट.

आता खरा प्रश्न: किती व्हीसीपीयू? चार जुन्या सर्व्हरवर मिळून १२८ थ्रेड आणि ५१२ जीबी मेमरी आहे. पण मॉनिटरिंगमध्ये वर्षाची सरासरी पाहिली तर प्रोसेसर १२ टक्केच वापरात आहेत. म्हणजे खरं काम सुमारे १५ व्हीसीपीयूचं. शिखर भारासाठी मोकळीक ठेवून ४० व्हीसीपीयू आणि १६० जीबी पुरतात. दोन्ही वाटांचा हिशेब करून बघू.

जसंच्या तसं उचलून नेलं तर: १२८ व्हीसीपीयू १२ टक्के भारावर प्रत्येकी १.०७ वॉट, म्हणजे वर्षाला १,२०० युनिट. मेमरी १,७५८ युनिट. १० टीबी एसएसडी, दोन प्रती धरून २१० युनिट. एकूण ३,१६८.

मापात बसवून नेलं तर: तेच १५ व्हीसीपीयूचं काम ४० वर पसरतं, म्हणून ४० व्हीसीपीयू ३८ टक्के भारावर प्रत्येकी १.७९ वॉट, ६२७ युनिट. मेमरी ५४९, डिस्क तेवढीच २१०. एकूण १,३८६.

पीयूईसाठी क्लाउड कंपनीची जागतिक सरासरी घेऊ नका. मुंबईच्या दमट उन्हाळ्यात थंडाव्याला स्वीडनपेक्षा जास्त वीज लागते. एडब्ल्यूएस आता रीजननिहाय, म्हणजे मुंबईसारख्या प्रत्येक ठिकाणच्या डेटा सेंटर्सच्या गटाचे, आकडे देतं, ते बघा. मी इथे सावधपणे १.४५ धरते. ग्रिड तोच, म्हणून घटकही तोच ०.७२७. जसंच्या तसं नेल्यास ३,३४० किलो, मापात नेल्यास १,४६१.

निर्मितीचा वाटा विसरू नका आणि आयुष्य दोन्हीकडे सारखंच धरा. ९६ व्हीसीपीयूचा १,५०० किलोचा सर्व्हर पाच वर्षं चालला तर दर व्हीसीपीयूला वर्षाला ३.१ किलो. १२८ चे ४००, ४० चे १२५. अंतिम उत्तरं: ३.७ टन आणि १.६ टन.

जीपीयू (एआयसारख्या जड गणितासाठीचे प्रोसेसर) वापरत असाल तर हे गुणक चालणार नाहीत. एनव्हिडियाचं एक एच१०० जीपीयू कार्ड एकटं ७०० वॉटपर्यंत जातं, तिथे प्रत्येक कार्डाचे तास आणि वॉट वेगळे मांडा.

पायरी ८: कन्सोलवरचा शून्य नीट वाचा

गूगल क्लाउडने २०२१ मध्ये आणि एडब्ल्यूएसने २०२२ मध्ये ग्राहकांसाठी कार्बनची साधनं आणली, मायक्रोसॉफ्टचंही आहे. ती उघडली की काही वेळा मुंबई रीजनच्या विजेपुढे शून्य किंवा शून्याजवळचा आकडा दिसतो आणि माणूस हरखून जातो.

विजेचं उत्सर्जन मोजायच्या दोन पद्धती आहेत. स्थान-आधारित पद्धत विचारते, जिथे सर्व्हर आहे तिथल्या ग्रिडमध्ये काय जळतंय? बाजार-आधारित पद्धत विचारते, कंपनीने कोणत्या विजेचे करार आणि प्रमाणपत्रं विकत घेतली? ॲमेझॉनने २०२३ मध्ये आपल्या वार्षिक वापराइतकी नवीकरणीय वीज जुळवल्याचं जाहीर केलं, गूगल २०१७ पासून तसं करतंय. त्या करारांमुळे नवे सौर आणि पवन प्रकल्प उभे राहतात, त्याला किंमत आहे. पण रात्री नऊ वाजता मुंबईतला सर्व्हर भारताच्या ग्रिडवरच चालतो आणि त्या वेळी ग्रिडवर मुख्यतः कोळसाच असतो.

म्हणून नियम साधा: स्वतःच्या खोलीला ०.७२७ लावला असेल तर क्लाउडलाही तोच लावा. बाजार-आधारित आकडा दाखवायचाच असेल तर दोन्हीकडे दाखवा, कारण तुम्हीही महावितरणकडून हरित वीज घेऊ शकता किंवा छतावर सोलर बसवू शकता.

पायरी ९: उत्तरावर कितपत विसंबायचं

१७ विरुद्ध १.६ पाहून लगेच ‘९० टक्के’ लिहू नका. आपली बाजू मोजलेली आहे, क्लाउडची मांडलेली. त्या गुणकांत क्लाउड कंपनीने राखीव ठेवलेली रिकामी यंत्रं, आतलं नेटवर्क आणि व्यवस्थापनाचे सर्व्हर नीट येत नाहीत. मी क्लाउडच्या आकड्याला किमान समजते आणि दीडपटीपर्यंतचा पल्ला सोबत देते. ‘१.६ ते २.४ टन’ असं लिहिलं की वाचणाऱ्याला अंदाजाचा आवाका कळतो.

दिशा मात्र खरी आहे आणि ती मोठ्या अभ्यासांशी जुळते. २०२० मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात आलेल्या एका अभ्यासानुसार २०१० ते २०१८ या काळात जगभरातल्या डेटा सेंटर्समधलं संगणन ५५० टक्के वाढलं, पण विजेचा वापर फक्त ६ टक्के. लहान खोल्यांतलं काम मोठ्या, कार्यक्षम केंद्रांत गेलं हे त्यामागचं एक मोठं कारण.

आपल्या उदाहरणातली बचत कुठून आली तेही बघा. ३.७ वरून १.६ वर येणं हे सगळं मापात बसवण्याचं फळ आहे, त्यात क्लाउडचा काही वाटा नाही. हीच छाटणी सर्व्हर रूममध्येच करून चारांऐवजी दोन सर्व्हर ठेवले असते, गळका जोड बंद केला असता, तरी १७ टनांचा आकडा बराच खाली आला असता. प्रामाणिक तुलनेत ही तिसरी बाजूही मांडावी: सध्याची खोली, सुधारलेली खोली आणि क्लाउड.

पायरी १०: जुनी खोली खरंच बंद झाली का, ते जाऊन बघा

माझ्या एका कामात स्थलांतर वेळेत झालं, अहवाल गेला, सगळ्यांचं कौतुक झालं. पाच महिन्यांनी मी सहज त्या मजल्यावर गेले तर खोलीचं दार थंडगार लागलं. आत एक सर्व्हर चालू होता, कारण बायोमेट्रिक हजेरीचं सॉफ्टवेअर त्यावर होतं आणि ते कुणाच्याच यादीत नव्हतं. त्या एका यंत्रासाठी एसी आणि यूपीएस चोवीस तास सुरू. मिळून सुमारे १.१ किलोवॉट. पाच महिन्यांचे ३,६५० तास, ४,०१५ युनिट, २,९१९ किलो.

आपल्या उदाहरणातला मापात बसवलेला क्लाउड अख्ख्या वर्षात १.६ टन काढतो. एकट्या हजेरीच्या त्या यंत्राने पाच महिन्यांत त्याच्या जवळजवळ दुप्पट काढलं होतं, आणि ते माझ्या यादीतून सुटलेलं यंत्र होतं याचं मला आजही वाईट वाटतं. तेव्हापासून ‘क्लाउडवर गेलो’ ही तारीख मी हिशेबात घेत नाही. सब-मीटर शून्यावर आला ती तारीख घेते. मधल्या काळात दोन्ही यंत्रणा चालू असतात, तेव्हाचं दोन्हीकडचं उत्सर्जन त्याच वर्षात धरते.

क्लाउडवरही अशी विसरलेली यंत्रं असतात, फक्त त्यांचा पंखा ऐकू येत नाही. टेस्टिंगचे इन्स्टन्स (भाड्याने घेतलेली क्लाउडवरची यंत्रं) संध्याकाळी सातला बंद आणि सकाळी नऊला सुरू होतील असं वेळापत्रक लावा, शनिवार-रविवार पूर्ण बंद. आठवड्याच्या १६८ तासांपैकी ५० तास चालले तर त्यांची ७० टक्के वीज वाचते. न जोडलेल्या डिस्क आणि जुने स्नॅपशॉट (डिस्कच्या साठवलेल्या प्रती) महिन्यातून एकदा साफ करा. रात्रीची बॅच कामं (एकगठ्ठा चालणारी, घाई नसलेली कामं) शक्य असतील तर दुपारी घ्या, कारण आपल्या ग्रिडवर सौर वीज तेव्हाच भरपूर असते. स्टॉकहोमसारख्या स्वच्छ ग्रिडच्या रीजनला काम हलवणं कागदावर आकर्षक दिसतं, पण पेमेंटचा डेटा असेल तर रिझर्व्ह बँकेच्या एप्रिल २०१८ च्या आदेशानुसार तो भारतातच साठवावा लागतो, आणि इथल्या वापरकर्त्याला उशीर जाणवतो तो वेगळाच.

शेवटी ग्राहकाच्या शीटमध्ये आकड्याशेजारी एक ओळ जरूर जोडा. मी ती अशी लिहिते: ‘कालावधी २०२३-२४; स्थान-आधारित पद्धत; ग्रिड घटक ०.७२७; सर्व्हर रूम सब-मीटरवर मोजलेली, क्लाउड वापराच्या बिलावरून अंदाजित; निर्मितीचं उत्सर्जन पाच वर्षांत विभागलेलं; एसी गॅस मेकॅनिकच्या बिलावरून.’ पुढच्या वर्षी तुमच्या जागी दुसरं कुणी बसलेलं असलं, तरी या ओळीवरून त्याला तोच हिशेब पुन्हा मांडता येतो.